पाचव्या चाकावरचं घर



मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि एका ताईंनी मोबाईल पुढं केला. व्हिडिओत अमेरिकेतली मोठी पिकअप गाडी होती आणि तिच्यामागं जोडलेलं चक्क एक घर. आत ओटा, शेगडी, फ्रिज, पलंग, न्हाणी, संडास. गाडी थांबली की बटण दाबायचं, भिंत बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. सगळ्या बघत राहिल्या. मग कोपऱ्यातून एका आजींनी विचारलं, "एवढं धूड त्या गाडीमागं उलटत कसं नाही गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. आजचं बोलणं त्या प्रश्नावरच.

या घराला तिकडं फिफ्थ-व्हील ट्रेलर म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. पण चाकं मोजायला गेलात तर हे पाचवं चाक सापडणार नाही. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून आस आणि सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं लोखंडी कडं बसवत. जात्याची वरची तळी खालच्या तळीवर फिरते, तसं ते फिरायचं. चार चाकं जमिनीवर आणि हे पाचवं आडवं. घोडे गेले, नाव राहिलं.

आता त्या कड्याच्या जागी जाड लोखंडी तबकडी असते. ती पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या जवळजवळ बरोबर वर बसवतात. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली मनगटाएवढी जाड पिन असते. ती तबकडीच्या खाचेत सरकली की दोन जबडे तिला घट्ट धरतात. आपल्या हायवेवर लांबलचक कंटेनर ओढणारे ट्रक दिसतात ना, त्यांचाही जोड असाच असतो.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. ते आपल्याला बैलगाडीनं कधीच शिकवलंय. गाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचा गळा आवळतो. पुढं जास्त भरलं की जू मानेवर दाबतं. म्हणून जाणता माणूस ओझं आसाच्या आसपास ठेवतो आणि थोडंसं पुढं. ट्रेलरचंही तेच. गाडीच्या मागच्या टोकाला जोडलेल्या साध्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन जोडावर येतं. फिफ्थ-व्हीलचं साधारण वीस टक्के येतं. म्हणजे सात टनांचं घर असेल तर जवळजवळ दीड टन ओझं पिकअपच्या हौद्यात. ते ओझं मागच्या चाकांच्या डोक्यावर पडतं, म्हणून गाडीचं तोंड वर उचललं जात नाही. शेजारून ट्रक सुसाट गेला तर साधा ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, हा तेवढा डोलत नाही. पण एवढं ओझं झेलायला पिकअपही तशीच दणकट लागते. बऱ्याच जणांच्या पिकअपला मागं दोनाऐवजी चार चाकं असतात.

आता असं घर घेऊन देश ओलांडायचा म्हणजे काय, ते बघू. अमेरिकेत 'इंटरस्टेट ८०' नावाचा महामार्ग आहे. पूर्वेला न्यू यॉर्कच्या शेजारी न्यू जर्सीत सुरू होतो आणि अकरा राज्यं ओलांडून पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोला पोचतो. अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. एवढं घर ओढताना पिकअप लिटरला चार किलोमीटरच्या आसपासच जाते. म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला हजार-बाराशे लिटर डिझेल. व्हिडिओत हा हिशेब कोणी दाखवत नाही.

निघण्याआधी पहिलं काम वजनाचं. काटा म्हटलं की आपल्याला कारखान्याचा काटा आठवतो. तिकडं हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर असे काटे असतात. शहाणी माणसं भरलेलं घर तिथं नेऊन पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलरची चाकं यांवर किती वजन येतंय ते पाहतात. डोळ्यांचा अंदाज चुकतो, कारण घरात सामान हळूहळू वाढत जातं. पाण्याचंच घ्या. एक लिटर म्हणजे एक किलो, हे हंडा डोक्यावर घेणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वाढले. म्हणून बरेच जण वाटेपुरतं थोडंच पाणी घेतात आणि मुक्कामाला पोचल्यावर टाकी भरतात. जड सामान खाली आणि चाकांच्या जवळ, हलकं वर.

दुसरं काम जोड तपासण्याचं. पिन खाचेत बसली, कडी लावली, एवढ्यावर कोणी भागवत नाही. ट्रेलरचे पुढचे टेकू जमिनीला लागलेले असतानाच, ट्रेलरचे ब्रेक दाबून, पिकअप हळूच पुढं ओढून पाहतात. पिन निसटायचीच असेल तर ती तिथंच निसटते, हायवेवर नाही. शिवाय ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. चालकानं पाय दाबला की तेही लागतात. एक बारीक तार पिकअपला बांधलेली असते. जोड तुटलाच तर ती तार ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्याच बॅटरीवर आपोआप लागतात. सोडून गेलेलं घर कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून ही सोय.

मग रस्ता. एवढी लांब गाडी वळताना मागची चाकं आतून कापून जातात, म्हणून वळण रुंद घ्यावं लागतं. घराची उंची तेरा फुटांच्या आसपास असते, त्यामुळं प्रत्येक कमी उंचीच्या पुलाची पाटी वाचायची. वायोमिंग राज्यात हाच महामार्ग ८,६४० फुटांपर्यंत चढतो. त्या भागात वारा एवढा सुटतो की काही दिवस उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात. तेव्हा घर कितीही महागाचं असो, थांबायचं. उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर. अमेरिकेतल्या डोंगरी रस्त्यांवर काही ठिकाणी बाजूला खडीनं भरलेला चढ मुद्दाम ठेवलेला असतो. ब्रेक गेलेली गाडी त्यात घुसवली की खडीत रुतून थांबते.

जुने प्रवासी एक साधा नियम सांगतात, तीन-तीन-तीन. दिवसाला तीनशे मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला. आणि जिथं थांबलो तिथं तीन दिवस. अंधारात, थकलेल्या अंगानं घर मागं घेऊन लावायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार.

मुक्कामाला वीज आणि पाण्याचा नळ जोडायचा. घराखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक धुण्याभांड्याच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. शेवटच्या दोन ठरवून दिलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. मोरीचं काम तिथंही कोणाला सुटत नाही, बायांनो!

ही घरं सगळेच मौजेसाठी ओढत नाहीत. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा राज्यांत बीट नावाच्या कंदापासून साखर करतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी निघते आणि देशभरातून माणसं आपापली चाकावरची घरं घेऊन त्या कामाला येतात. त्यात निवृत्त जोडपीही असतात. बारा-बारा तासांची पाळी, काही आठवड्यांचं काम. साखरेसाठी घर हलवणं ही आपल्याकडचीच गोष्ट नाही.

पण एक फरक आहे, आणि तोच आज सांगायचा होता. तिकडं बऱ्याच राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला कायद्यानं बंदी आहे. काही राज्यांत फिफ्थ-व्हीलला सूट आहे, तरी सांभाळून चालणारी माणसं पट्टा लावून पिकअपमध्येच बसतात. आत पलंग आहे, गादी आहे, तरी मागं कोणी झोपत नाही. आणि आपल्याकडं? दिवाळीच्या सुमारास गावाकडून ट्रॅक्टर निघतात. एकामागं एक दोन ट्रॉल्या. त्यात भांडी, पत्रे, कोपीचा ताडपत्री-बांबू, शेळी, आणि त्या सगळ्याच्या वर लेकरं घेऊन बसलेल्या आपल्या बाया. रात्रीचा प्रवास. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. जोडाला एक पिन, ती निसटली तर ट्रॉली थांबवायला तारही नाही. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. कायदाही हेच सांगतो.

पोटासाठी जायचं तर आहेच, हे आम्हाला कळतं. उचल घेतली की शब्द आपला राहत नाही, हेही कळतं. पण निघण्याच्या आदल्या दिवशी गटानं मिळून मुकादमाकडं चार गोष्टी मागता येतील. बाया-लेकरांसाठी वेगळी जीप किंवा बस, तिचा खर्च आधीच ठरवून. जोडाच्या पिनेला खालून अडकवण आणि सोबत साखळी, दोन्ही आपल्या डोळ्यांनी बघून. मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर, उसानं किंवा सामानानं न झाकलेले. आणि प्रवास दिवसाउजेडी. एकटीनं मागितलं तर हसण्यावारी नेतील. वीस कोयत्यांच्या बायांनी एकदम मागितलं तर ऐकावं लागेल.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. ते धूड उलटत नाही, कारण निघायच्या आधी कोणीतरी वजन करतं, पिन ओढून बघतं आणि माणसांना मागं बसू देत नाही. यातल्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

पुन्हा भेटू. तोवर आपल्या गटात यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.