हिरडीतलं औषध सफाईनंतरच

कोकणात हिरडीला काहीतरी चोळण्याची सवय जुनी आहे. आंजर्ल्यासारख्या गावांत आजही बऱ्याच घरांत, विशेषतः वयस्कर बायकांकडे, मिशरीची डबी असते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू म्हणजे मिशरी. ती लावली की ठणका कमी वाटतो, रक्त थांबल्यासारखं दिसतं. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. हिरडीखालचा आजार मात्र वाढतच राहतो.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट एक ते तीन मिलिमीटर असते. तिथे किटण साचलं की फट खोल होते, डॉक्टर तिला ‘पॉकेट’ म्हणतात. आत जंतू चिकट थर करून राहतात. चूळ भरायचं औषध एवढ्या खोल पोचत नाही, आणि पोचलं तरी टिकत नाही. पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधला द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो, असा अंदाज आहे.

म्हणून औषध आतच ठेवून सावकाश झिरपू द्यायची कल्पना पुढे आली. 1979 मध्ये बॉस्टनचे दंतसंशोधक मॅक्स गुडसन यांनी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक भरलेले पोकळ धागे पॉकेटमध्ये ठेवून पाहिले. आज क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाची नखाहून लहान चिप मिळते. ती आपोआप विरघळते, काढायला परत जावं लागत नाही. चेन्नईत बनणारी अशी एक चिप माशाच्या कोलॅजनची असते. शाकाहारी आणि माशांची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं.

आता मुद्द्याचं. जंतूंचा थर खरवडल्याशिवाय औषध आत शिरत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2015च्या आढाव्यानुसार, मुळापर्यंत केलेल्या सफाईने हिरडीची दाताला पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते. सोबत चिप ठेवल्यास आणखी 0.4 मिलिमीटरच्या आसपास. फायदा खरा आहे, पण तो सफाईच्या जोडीने. सफाईनंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजून जे पॉकेट पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल राहतात, मुख्यतः तिथेच चिपचा विचार करावा.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही भीती गावोगावी ऐकू येते. हलणारा दात किटणाने जखडून ठेवलेला असतो. किटण निघालं की आधीच झालेली हाडाची झीज उघडी पडते. त्यामुळे झीज वाढण्याआधी, हिरडीतून रक्त दिसताच तपासायला जा. खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. तिथे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे पॉकेट मोजून घ्या, आधी सफाई करून घ्या, आणि मिशरी सोडा.