चव्हाट्यावरचें कुलूप

युद्ध पेटलें कीं घरांतील असंतोषामागें राज्यकर्त्यांस गुप्त मंडळें दिसूं लागतात. अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१-६५) उत्तरेकडील युद्धविरोधकांबद्दल 'सोनेरी वर्तुळाचे सरदार' या गुप्त संघटनेची मोठी आवई उठली. तींत अतिशयोक्तीच फार होती, असें कांहीं इतिहासकारांनीं पुढें दाखविलें.

आपल्याकडील वर्धा जिल्ह्याचा अनुभव याच प्रकाशांत पाहण्याजोगा आहे. महायुद्ध चालू असतां १४ जुलै १९४२ रोजीं काँग्रेस कार्यकारिणीनें वर्ध्यास ठराव केला कीं, इंग्रजांनीं सत्ता सोडावी. ठराव उघड होता. गुप्तता गांधीजींस मान्यच नव्हती. परंतु ९ ऑगस्टला पुढारी गजाआड गेले आणि लोकांस आवरणारें कोणी उरलें नाहीं.

नागपुरांत मगनलाल बागडी यांच्या हिंदुस्थान लाल सेनेनें शस्त्राचा मार्ग धरला होता. आष्टीचे लोक मात्र १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशीं, तिरंगा घेऊन उघडपणें पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबारांत माणसें पडलीं. खवळलेल्या जमावानें पोलिसांसही ठार केलें. त्याच दिवशीं चांदा जिल्ह्यांत चिमूर पेटलें. दोन्ही खटल्यांत अनेकांस फांशी फर्मावली गेली. लोकमताच्या रेट्यानें १९४५ मध्यें ती जन्मठेपेवर आली.

मे १९४४ मध्यें सुटल्यावर गांधीजींनीं भूमिगतांस प्रकट होण्याचाच सल्ला दिला. राज्यकर्त्यांनींही तळघरें धुंडाळण्यापूर्वीं चव्हाट्यावर कुलूप कोणीं घातलें, हें पाहावयास हवें होतें.