उसाचा भाव की नफ्यातला वाटा?

सभासद बंधू-भगिनींनो,

एरवी या पानावर आम्ही बेणे, खत आणि खोडव्याविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. तळेगाव ढमढेरे गटाच्या बैठकीत बेणेप्रक्रियेची माहिती सांगून झाली, तेव्हा पाठीमागून एक वयस्कर सभासद उठले. म्हणाले, "साहेब, शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही म्हणता. ऊस आमचा, कारखानाही आमचाच. मग कारखान्यांना नोटिसा कशाच्या येतात?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी आमचे उत्तर अर्धवट झाले, ते आज पुरे करीत आहोत.

प्रथम दोन खिसे वेगळे करू. आपण ऊस घालतो आणि त्याचे पैसे घेतो, ते शेतीचे उत्पन्न. १९६१ च्या आयकर कायद्याने त्याला माफी दिली. साखर काढणे हा मात्र उद्योग ठरतो आणि कारखाना ही कायद्याने स्वतंत्र संस्था. सहकारी संस्थांना त्या कायद्याच्या कलम ८०-पी ने सवलती दिल्या: सभासदांना कर्ज देणे, सभासदांनी पिकवलेल्या मालाची विक्री करणे वगैरे. सभासदांच्या शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या संस्थेलाही सवलत दिली, पण अट अशी की यंत्रशक्ती वापरायची नाही. आपल्याकडे तर बॉयलर आणि टर्बाइन! म्हणजे ते दार बंद. साखरेच्या धंद्यातील नफ्यावर कारखान्याला कर आला.

आता नफा म्हणजे काय? विक्रीतून खर्च वजा जाता उरेल तो. कारखान्याचा सर्वांत मोठा खर्च उसाचा. तेव्हा सगळी गोम एकाच प्रश्नात आली. सभासदांना दिलेल्या पैशातला किती भाग उसाची किंमत, म्हणजे खर्च, आणि किती भाग नफ्याची वाटणी?

हा प्रश्न उपटला तो दोन दरांमुळे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार किमान दर जाहीर करी. पुढे भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ साली त्यात ५-अ हे कलम आले. हंगाम संपल्यावर साखरेच्या उत्पन्नाचा हिशोब करून उसाला जादा किंमत द्यायची, अशी ती तरतूद. महाराष्ट्रातील कारखाने पहिली उचल देत, मग पुढचे हप्ते, आणि अंतिम दर शासनाच्या मंजुरीने ठरे. पोळ्याला किंवा दिवाळीला हातात पडलेला तो हप्ता कित्येकांच्या घरी लग्नाला नाहीतर विहिरीला लागला आहे.

आयकर खात्याचे म्हणणे असे की, किमान दरापुरता खर्च मान्य. त्यावरचे पैसे वर्षाचा ताळेबंद पाहून दिले, सबब ती नफ्याची वाटणी. कारखान्यांचे म्हणणे, सगळीच उसाची किंमत. काही प्रकरणांत जुन्या वर्षांची आकारणी पुन्हा उघडली गेली. बोजा किती, ते उदाहरणाने पाहू. समजा किमान दर टनाला ८०० रुपये, अंतिम दर १,१०० आणि गाळप ३ लाख टन. फरक ९ कोटींचा. तो नफा धरला तर ३० टक्क्यांनी २ कोटी ७० लाख कर. अधिभार व व्याज वेगळे. आणि पैसे तर केव्हाच सभासदांच्या खात्यावर गेलेले! भरणा करायचा तो पुढच्या हंगामाच्या पैशातून, म्हणजे पुन्हा उसाच्या बिलातूनच.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात ५ मार्च २०१९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने मधली वाट धरली. फरकाची सगळी रक्कम नफा नव्हे आणि सगळी खर्चही नव्हे. दर ठरवताना जे हिशोब वापरले ते तपासून त्यात नफ्याचा अंश किती ते अधिकाऱ्याने काढावे. तेवढा भाग वाटणी, बाकीचा खर्च. दिवाळीच्या सवलतीच्या साखरेवरही असाच वाद झाला. कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात २०१२ साली न्यायालयाने ते फेरविचारासाठी खाली पाठवले. अशी साखर देण्याची प्रथा आहे काय, शासनाचा त्याला ठराव आहे काय आणि साखरेचे प्रमाण कशावरून ठरते, हे पाहण्यास सांगितले.

कायद्यातही बदल झाले. २०१५ च्या वित्त कायद्याने शासनाने ठरवलेल्या वा मंजूर केलेल्या दरापर्यंतचा ऊसखर्च सहकारी कारखान्यांना वजा मिळू लागला, पण आकारणी वर्ष २०१६-१७ पासून. ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने राज्य शासनाने ठरवलेला दरही त्यात येतो, असा खुलासा झाला. मागील वर्षांचे घोंगडे भिजतच होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्या वर्षांनाही तोच नियम लावला. सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले.

मात्र यात एक मेख आहे. दिलासा आपोआप मिळणारा नव्हता. कारखान्याने अर्ज करायचा, आणि त्याची चार वर्षांची मुदत ३१ मार्च २०२३ पासून मोजायची. दर शासनमान्य होता हे कागदाने दाखवायचे. शासनाच्या दरापेक्षा जास्त दिलेले पैसे या सवलतीत बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

येथे आमची एक चूक कबूल करतो. गटाच्या बैठकांत आम्हीच सर्रास म्हणत आलो, "यंदा नफा चांगला आहे, तो वाटून टाकू." ऐकायला गोड वाटे. पण हीच भाषा सभेच्या इतिवृत्तात गेली, तर उद्या तोच कागद कारखान्याच्या विरुद्ध पुढे येतो. अर्थात शब्द बदलून हिशोब बदलत नाही. जे उसाच्या किमतीपोटी दिले ते किंमत म्हणून लिहावे, आणि जो खरोखर नफा आहे तो नफा म्हणून दाखवून त्यावर कर भरावा. दोन्ही गोष्टी स्वच्छ असल्या म्हणजे नोटिशीची भीती उरत नाही.

सभासदांनी काय करावे? वार्षिक सभेचा अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचे फोटो पाहून ठेवून देऊ नका. लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांत आयकराची वादग्रस्त मागणी किती वर्षांची आणि किती रकमेची आहे ते वाचा. सभेत तीन प्रश्न विचारा: जुन्या वर्षांचे अर्ज झाले काय? दरमंजुरीचे आदेश दप्तरी आहेत काय? मागणी कायम राहिली तर पैसे कोठून देणार? असे विचारणे म्हणजे संचालक मंडळावर अविश्वास नव्हे. मालकाने आपल्या दुकानाचा हिशोब पाहावा, तसेच ते आहे. आपल्या घरची उसाची बिले आणि हप्त्यांच्या पावत्याही जपून ठेवा.

बांधावरचे पाणी कुठे फुटले ते आपण रात्री बॅटरी घेऊन शोधतो. कारखान्याच्या हिशोबालाही तीच नजर हवी. त्या सभासदांचा प्रश्न पुढच्या बैठकीत आणखी दहा जणांनी विचारावा, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी