घरची पाणबुडी (लेखांक 4) : तराजूवरचं काम

नळी बंद झाली, ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीस लागलं, रात्रभर बादलीत बुडवून ठेवूनही आत थेंब आला नाही, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो. आता हात मोटार आणि रिमोटकडे वळतात. माझं सांगणं आहे, थोडं थांबा. पाणबुडीचं निम्मं काम तराजूवर होतं आणि ते चोख झालं, तर पुढचं बरंच सोपं जातं.

आपली नळी बाहेरून 75 मिलिमीटर व्यासाची आणि 30 सेंटिमीटर लांबीची आहे. तिचं आकारमान साधारण 1,325 घनसेंटिमीटर. पूर्ण बुडाली की ती 1,325 ग्रॅम पाणी बाजूला सारणार आणि तेवढ्याच जोराने पाणी तिला वर ढकलणार. बॅटरी, मोटार, सर्व्हो, झाकणं असं सगळं मिळून वजन 800 ग्रॅम भरलं, तर तूट 525 ग्रॅमची. त्यातले 50 ग्रॅम टाकीत घेतलेलं पाणी भरून काढेल. उरलेल्या 475 साठी शिसं. पण शिसं नळीबाहेर, खाली बांधणार असाल तर तेही आपल्यापुरतं पाणी सारतं. शिशाची घनता 11.34, म्हणून प्रत्यक्षात 520 ग्रॅमच्या आसपास लागेल. ते नळीच्या खालीच हवं, कारण पाण्याखाली गुरुत्वमध्य प्लावनमध्याच्या खाली राहिला तरच पाणबुडी सरळ उभी राहते. जितका खाली, तितकी ती कलंडून पुन्हा सावरते.

टाकी म्हणून मी नवशिक्याला औषधाच्या दुकानातली 60 मिलिलिटरची सिरिंजच सुचवेन. दट्ट्याला आट्यांची सळी, तिला छोटी गिअर मोटार, दोन्ही टोकांना लिमिट स्विच. पंपाच्या टाकीत पाणी अर्धं भरलं की ते पुढेमागे वाहतं, नाक खाली गेलं की सगळं नाकाकडेच धावतं आणि नाक आणखी खाली जातं. सिरिंजमध्ये पाण्याला धावायला जागाच नसते. ती बसवायची मात्र लांबीच्या बरोबर मध्याजवळ, म्हणजे भरताना नाक किंवा शेपूट झुकणार नाही. दट्ट्या मागे सरकल्यावर बंद नळीतली हवा थोडी दाबली जाते, त्याची काळजी नको. आत 600 घनसेंटिमीटर हवा असेल, तर 60 मिलिलिटर पाण्याने दाब साधारण एक दशांश वाढतो, आणि एक मीटर खोलीवर बाहेरचं पाणीही जवळजवळ तेवढंच दाबत असतं.

एवढीशी सिरिंज पुरेल का, ही शंका रास्त आहे. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली, 2017 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कलवरी’ पाण्यावर असताना सुमारे 1,615 टन भरते आणि पाण्याखाली सुमारे 1,775 टन. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. आपली वाढ चार टक्केसुद्धा नाही. तरी भागतं, कारण बाहेरचं कवच आपण पाण्याला मोकळं ठेवलं आहे आणि नळी सबंध जलरेषेच्या खाली बसवली आहे. वर येताना कवचातलं पाणी आपलं आपण निथळून जातं, ते उचलावं लागत नाही. टाकीला पेलायचं असतं ते फक्त जलरेषेवर येणारं साहित्य, म्हणजे कवचाची वरची पाठ आणि मनोरा.

म्हणूनच वरचा भाग जितका पातळ करता येईल तितका करा. एक मिलिमीटर जाडीचं 400 चौरस सेंटिमीटर प्लास्टिक पाण्याबाहेर येणार असेल, तर ते झालं 40 घनसेंटिमीटर. सिरिंज सहज पुरते. तेच दोन मिलिमीटर जाडीचं घेतलं, तर 80. मग पाणबुडी पाठ बाहेर काढूच शकत नाही. मोठी टाकी शोधण्याआधी प्लास्टिक मोजा, असं मी आग्रहाने सांगतो.

कवचाचं पाण्यातलं वजन फोमच्या तुकड्यांनी फेडायचं. हा फोम जलरेषेला लागून, पण खालच्या बाजूला चिकटवा. जलरेषेच्या वर लावलात तर तोही टाकीच्या डोक्यावर येतो. आणि पाठीवर, मनोऱ्याच्या माथ्यावर छिद्रं पाडा, सढळ हाताने पाडा. कवचात अडकलेला हवेचा फुगा एक मीटर खोलीवर जवळपास 9 टक्के आकसतो, त्याचं उचलणं तेवढं कमी होतं, पाणबुडी आणखी खाली जाते, फुगा आणखी आकसतो. ही घसरण दट्ट्याने थोपवणं अवघड.

आता टब भरा. सिरिंजमध्ये 50 मिलिलिटर घ्या आणि शिशाचे तुकडे पुढेमागे सरकवत मनोऱ्याचा माथा जेमतेम बाहेर राहील असं जमवा. उरलेले 10 मिलिलिटर तिला पूर्ण खाली न्यायला. शिसं आधी दोरीने बांधा, पक्कं चिकटवणं शेवटी. हा तोल गोड्या पाण्याचा आहे. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, तिथे एवढ्याशा नळीलाही 33 ग्रॅम जास्त लागतील. पण समुद्राचा विचार सध्या सोडाच. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं, आणि नेहमीचा 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट तर गोड्या पाण्यातही फार खोल पोचत नाही. कोणता रिमोट घ्यायचा, ते पुढच्या आठवड्यात.