दाताची टोपी आणि तिचें सिमेंट

चुना जितका घट्ट, तितकी भिंत टिकाऊ, असें आपण सहज म्हणतों. परंतु मनुष्याच्या मुखांत एक जागा अशी आहे कीं, तेथें सर्वांत घट्ट सिमेंट नेहमींच सर्वांत हितकर ठरत नाहीं. असें कां, तें पाहूं.

स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांस १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडांत बसविलेला टायटेनियम धातु हाडाशीं एकजीव झालेला आढळला. पुढें १९६५ सालीं त्यांनीं गोथेनबर्ग येथें एका मनुष्याच्या जबड्यांत त्या धातूचे स्क्रू बसविले. आज पडलेल्या दाताच्या जागीं असें कृत्रिम मूळ, म्हणजेच इम्प्लांट, सर्रास बसवितात. त्यावर एक खुंटी आणि खुंटीवर दाताच्या आकाराची टोपी येते. ही टोपी कधीं स्क्रूनें, तर कधीं सिमेंटानें धरलेली असते.

सिमेंटाची पकड त्याच्या एकट्याच्या बळावर अवलंबून नसते. डब्याचें उंच व सरळ कडांचें झांकण सहजासहजीं निघत नाहीं, उथळ झांकण मात्र बोटानें उडतें. त्याचप्रमाणें खुंटी उंच, किंचितच निमुळती आणि खरखरीत असली, म्हणजे टोपी घट्ट बसते.

सिमेंटाचे प्रकार अनेक आहेत. झिंक ऑक्साइडची भुकटी व लवंगेच्या तेलांतील युजेनॉल यांचें मिश्रण बहुधा सर्वांत कमी धरतें. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलें झिंक फॉस्फेट खरखरीत पृष्ठभागाच्या खांचांत शिरून कठीण होतें. ग्लास आयोनोमर हें १९७२ सालीं विल्सन व केंट या इंग्लंडमधील संशोधकांनीं जाहीर केलें. तें खऱ्या दातांतील कॅल्शियमशीं रासायनिक रीतीनें जडतें. परंतु धातूच्या खुंटींत कॅल्शियम नसल्यामुळें तो लाभ तेथें मिळत नाहीं. प्रयोगशाळेंत यंत्रानें टोपी ओढून पकड मोजतात, तेव्हां रेझिन सिमेंट बहुधा अग्रभागीं असतें.

मग सर्वत्र रेझिनच कां वापरीत नाहींत? पहिलें कारण असें कीं, खुंटीचा आंतील स्क्रू कालांतरानें सैल होऊं शकतो. तो आवळण्यासाठीं टोपी काढावी लागते. ती फार घट्ट असल्यास कापावी लागते. शिवाय, खऱ्या दाताखालीं सिमेंट झिजलें तर दात किडतो. टायटेनियमला कीड लागत नाहीं. म्हणून येथें बेताची पकडही पुष्कळदां चालते. अर्थात् पकड फारच कमी असेल तर टोपी जेवतांना निघून गिळली जाण्याची, क्वचित् श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते.

परंतु सर्वांत मोठा धोका बाहेर सांडलेल्या सिमेंटाचा आहे. हिरडीचे तंतु खऱ्या दाताच्या मुळांत रुतलेले असतात, इम्प्लांटमध्यें ते रुतत नाहींत. त्यामुळें जादा सिमेंट हिरडीखालीं खोल उतरतें. तेथें राहिलेला एखादा कण कधीं कधीं कित्येक वर्षांनीं सूज आणतो आणि हाड झिजून चांगलें बसलेलें मूळ हातचें जातें. म्हणून कुशल दंतवैद्य सिमेंट अल्प लावतो, उरलेलें काळजीपूर्वक काढतो व आवश्यक तेथें क्ष-किरणांनीं खात्री करून घेतो.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील कोणा वडीलधाऱ्यांस असा दांत बसविलेला असेल, तर त्यांस दोन गोष्टी अवश्य सांगा : टोपी हालूं लागल्यास ती घरच्या डिंकानें चिकटवूं नये; आणि त्या दाताभोंवतीं रक्त किंवा सूज दिसल्यास, दुखत नसलें तरी, दंतवैद्यास त्वरित दाखवावें.