आकृतीतून कोड : लेखांक ६ – साधनाची निवड

विहिरीवरील मोटरीच्या स्वयंचलित नियंत्रकाची जी अवस्था-आकृती मागील लेखांकात काढली, तीत ‘बंद’, ‘विजेची प्रतीक्षा’, ‘चालू’ आणि ‘बिघाड’ या चार अवस्था चौकटींनी दाखवल्या होत्या, आणि वीज येणे, एखादा फेज जाणे, विहिरीतले पाणी संपणे किंवा जमिनीतला ओलावा पुरेसा होणे या घटना बाणांनी. परभणी जिल्ह्यातील काळ्या भारी जमिनीत पाणी जादा झाले की वाफसा लवकर येत नाही, म्हणून शेवटच्या बाणाचे महत्त्व मोटर जळण्यापासून वाचवणाऱ्या बाणाइतकेच आहे. अशा आकृत्यांना नेमका अर्थ देणारी ‘स्टेटचार्ट’ ही पद्धत डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. आणि अर्थ नेमका असेल तरच आकृतीपासून कोड, म्हणजे संगणकाने पाळावयाच्या आज्ञा, यंत्राकडूनच लिहवून घेता येतो.

बाजारातील साधने मात्र हे काम सारख्या खोलीने करत नाहीत. ‘युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज’ ही आकृत्यांची प्रमाणभाषा १९९७ मध्ये स्वीकारली गेल्यानंतर तिच्यावर आधारलेली असंख्य साधने आली, परंतु त्यांतील पुष्कळशी घटकांची नावे, गुणधर्म आणि रिकामी कार्ये एवढाच सांगाडा तयार करतात व आतला मजकूर प्रोग्रामरने हाताने भरावा लागतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कृषिपंपांना थ्री-फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते, हे ध्यानात घेऊन आकृतीत ‘रात्रपाळी’ ही पाचवी अवस्था घातली आणि कोड पुन्हा तयार केला, तर हाताने लिहिलेला भाग पुसला जाईल की टिकेल? काही साधने अशा भागाभोवती खुणा घालून तो राखतात, तर काही हाताचा कोड मुळातच वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. दुसरी रीत अधिक भरवशाची मानली पाहिजे, कारण खूण चुकून पुसली गेली तर महिन्यांचे काम एका क्षणात जाते, आणि एकदा तसा फटका बसला की माणसे आकृती बाजूला ठेवून थेट कोडच दुरुस्त करू लागतात. मग आकृती भिंतीवरचे चित्र होऊन राहते.

या प्रश्नाचा सखोल विचार महाराष्ट्रातच झालेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात ‘मास्टरक्राफ्ट’ हे आकृतीप्रधान साधन घडले, आणि विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात त्यामागील विचार मांडला. व्यवहाराचे नियम आणि ते ज्या तंत्रावर चालतात ते तंत्र यांची प्रतिमाने वेगळी ठेवावीत, हा त्याचा गाभा होय. तसे केले की तंत्र बदलले तरी नियम पुन्हा लिहावे लागत नाहीत, कोडनिर्माता तेवढा बदलावा लागतो. म्हणून साधन निवडणाऱ्याने हेही तपासावे, की कोडनिर्मितीचे साचे त्याला स्वतः उघडून बदलता येतात की ते विक्रेत्याच्या कुलपात बंद आहेत.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांच्या आधारे डिजिटल शेतीचे प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प राबवला गेला आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्यापुढे आणखी एक मर्यादा उभी राहते, ती यंत्राच्या आकाराची. अर्दुइनो उनो आर-३ या स्वस्त नियंत्रक-पाटीवर प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चालू माहितीसाठी अवघी २ किलोबाइट जागा असते; मोठ्या साधनाने कोडसोबत जोडलेला साहाय्यक संग्रह तेवढ्यात मावेलच असे नाही. सिम्युलिंक हे नियंत्रणयंत्रणांसाठी फार समर्थ साधन असले तरी त्याचा परवाना महाग पडतो. त्यामुळे मुक्त स्रोतातील सायलॅबचे एक्सकॉस किंवा एक्लिप्सवरील पॅपिरस यांचा आधी विचार करणे योग्य. आकृती ‘एक्सएमआय’ या सामायिक स्वरूपात बाहेर काढता येते का, हेही पाहावे, जरी प्रत्यक्षात दोन साधने ते स्वरूप तंतोतंत सारखे वाचतीलच असे नसते.

जाहिरातीतील तक्त्यांपेक्षा एका दुपारची परीक्षा अधिक सांगून जाते. मोटरीची तीच चार अवस्थांची आकृती प्रत्येक साधनात काढावी, कोड तयार करून त्यात हाताने चार ओळी घालाव्यात, पाचवी अवस्था जोडून कोड पुन्हा तयार करावा, तो पाटीवर चढवावा आणि चालू मोटरीचा एक फेज मुद्दाम काढल्याचा संकेत देऊन नियंत्रक ‘बिघाड’ अवस्थेत जातो का, हे पाहावे.