सायकलच्या टायरवरचे आकडे

सायकलच्या टायरवर छापलेले 26 किंवा 28 इंच हे माप बाहेरच्या व्यासाचे मानले जाते, परंतु आज ते बहुतांशी नावापुरतेच उरले आहे. टायर रिमवर बसेल की नाही हे बाहेरच्या व्यासावर अवलंबून नसून, टायरच्या कडेत गुंफलेली तार रिमवर जिथे टेकते त्या वर्तुळाच्या व्यासावर, म्हणजे बैठकीच्या व्यासावर, अवलंबून असते.

या गोंधळाचे मूळ जुन्या पद्धतीत आहे. फ्रान्समध्ये फुगवलेल्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे 700 मिलिमीटर ठरवून टायरच्या जाडीनुसार ए, बी, सी अशी अक्षरे दिली जात. बाहेरचे माप कायम ठेवायचे तर जाड टायरसाठी रिम लहान करणे भाग होते, म्हणून 700बीची बैठक 635 आणि 700सीची 622 मिलिमीटर झाली. पुढे सीच्या रिमवर बारीक टायर चढू लागले आणि 700 या आकड्याचा बाहेरच्या व्यासाशी संबंध सुटला. भारतात दूधवाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांनी वापरलेल्या काळ्या रोडस्टरचा 28 × 1½ टायर याच 635च्या बैठकीचा असतो, त्यामुळे तो 28 इंची म्हणूनच विकल्या जाणाऱ्या 622च्या रिमवर सैल पडतो. (त्या सायकलींना 22 किंवा 24 इंची म्हणतात तेव्हा मात्र ते माप चौकटीच्या उंचीचे असते.)

26 इंचांचा घोळ याहून मोठा आहे. 1¾ आणि 1.75 गणितात एकच असले, तरी 26 × 1¾ या जुन्या अमेरिकी टायरची बैठक 571 आणि माउंटन बाइकच्या 26 × 1.75ची 559 मिलिमीटर असल्याने एकाच्या जागी दुसरा चालत नाही. व्यापारी नावांनी यात भरच घातली: 29 इंची चाकाची बैठक 700सीचीच 622 आहे, तर 26 आणि 29च्या बरोबर मध्ये वाटणारे 27.5 इंची चाक 584चे, म्हणजे वस्तुतः 26च्या अधिक जवळचे आहे.

म्हणून आयएसओ 5775 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टायरवर छापलेली 37-622 यासारखी जोडी पाहावी. तिच्यातील पहिला आकडा फुगवलेल्या टायरची रुंदी आणि दुसरा बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. रिमची रुंदी आणि चिमट्यातील मोकळी जागा पाहून पहिला आकडा थोडा कमीजास्त करता येतो, आणि ताणली जाणारी ट्यूबही थोडाफार फरक सामावून घेते. दुसऱ्या आकड्यात मात्र सवलत नाही.